अंगणातला तेरडा

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुमच्या कानांवरून गेली असेलच. म्हण आहे थोडाच काळ टिकणाऱ्या नवलाईविषयी. पण ती खुद्द तेरड्याला कितपत लागू पडते, हे तुम्हाला घरच्या घरी तपासता येईल. त्यासाठी मीटरभर लांब-रुंद वाफा पुरे. अंगण नसेल तर खोलगट कुंडीही चालेल.

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. फुलांचे हे गाव गुलाबाला खत घालते, पाणी देते, फवारणी करते. त्र्यंबकच्या वाटेवरील उतारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या तेरड्याला मात्र यांतले काहीच लागत नाही. म्हणून वाफा करताना शेणखत घालण्याचा मोह आवरा. सुपीक मातीत गवतच आधी माजते आणि रानफुलांची रोपे त्याखाली दबतात. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात निम्म्याहून अधिक मुरूम मिसळा, म्हणजे मुळांशी पाणी साचणार नाही.

बी मिळवणे हाच मोठा गमतीचा भाग आहे. तेरड्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फटकन फुटते. त्याच्या भिंती आतून ताणलेल्या असतात. सांधे सुटले की त्या झटकन गुंडाळल्या जातात आणि बी दूर फेकले जाते. तेव्हा बोंडावर आधी कागदी पिशवी धरा, मग हात लावा. पाऊस सरताना रस्त्याकडेच्या झाडांवरून थोडेसेच बी घ्या, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा आणि पहिल्या पावसानंतर वाफ्यात विखरून वर मातीचा पातळ थर द्या.

आता म्हणीकडे वळू. फुले येऊ लागली की दहा कळ्यांना रंगीत दोरे बांधा आणि रोज सकाळी वहीत नोंद करा. नुकत्याच उमललेल्या फुलात डोकावलात तर पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली एक टोपी दिसेल. या वेळी फूल फक्त पराग देते. पुढे टोपी गळून पडते आणि तिच्याखाली झाकलेली कुक्षी उघडी होते. आता तेच फूल पराग घेते. एकच फूल आधी नर, मग मादी! स्वतःचेच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडू नयेत, यासाठीची ही व्यवस्था. फुलामागच्या वाकड्या शेपटीत मध असतो. त्यासाठी येणारा कीटक एका फुलाची पाठीवरची धूळ दुसऱ्या फुलात पोचवतो. टोपी किती दिवस टिकली? काही कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधली तर बोंडे धरतात का? पुस्तक उघडण्याआधी वाफ्यालाच विचारा.

जोडीला कवला लावा. तो शेंगावर्गातला, मुळांवरच्या गाठींतील जीवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरतो. कळलावी दिसायला देखणी, पानाच्या टोकानेच आधार धरून चढणारी. पण तिचा कंद अतिशय विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर तिच्या वाटेला जाऊच नका. ‘रानफुले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांत पुष्कळदा पिवळा कॉसमॉस असतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आणि एकदा शिरला की जागा सोडत नाही. गाजर गवत तर फुलायच्या आत उपटावे.

एक गोष्ट मात्र वाफ्यात आणायची नाही. नाशिकपासून सुमारे 20 किलोमीटरवरच्या अंजनेरीवर एक कंदीलपुष्प आहे. शास्त्रीय नावातच त्याने डोंगराचे नाव घेतले आहे. या गटातली फुले छोट्या माश्यांना नळीत कोंडतात. आतले केस सुकले की माशी पराग घेऊन सुटते. तो कातळ, ते गवत, त्या माश्या कुंडीत कशा आणणार? कंद उपटला तर कुंडीतले रोप बहुधा मरेल आणि डोंगरावरचे एक नक्की कमी होईल. अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे वही न्या, कुदळ नको.

दिवाळीच्या सुमारास वाफा वाळून उदास दिसू लागेल. घरची मंडळी तो साफ करायला निघतील, त्यांना थांबवा. वाळक्या काड्यांतले बी तिथेच पडू द्या आणि उन्हाळाभर पाणी घालू नका.