जुनी हातअवजारे : पारख व दुरुस्ती

माळ्यावर किंवा गोठ्याच्या अडगळीत पडलेली जुनी कुऱ्हाड, विळे, खुरपी व कुदळी पुष्कळ घरी आढळतात. गंजलेले पाते व मोडका दांडा पाहून ती भंगारात किलोच्या भावाने विकली जातात. वास्तविक गंज बहुधा वरच्या थराचाच असतो. आतील पोलाद शाबूत असल्यास असे अवजार थोड्या श्रमाने पुन्हा अनेक वर्षे काम देते. मात्र राखावे कोणते व टाकावे कोणते, याची पारख प्रथम केली पाहिजे.

१. पारख : पूर्वी लोहार लोखंडी पात्याच्या कडेला पोलादाची पट्टी सांधून धार करीत. ही पट्टी झिजून गेली असल्यास उरलेले मऊ लोखंड धार धरीत नाही. धारेवर बारीक कानस फिरवून पाहावी. ती घसरली किंवा कष्टाने चालली, तर पोलाद चांगले आहे. सहज खोल गेली, तर पोलाद झिजले आहे किंवा त्याचे पाणी उतरले आहे, असे समजावे. कुऱ्हाडीचे पाते दोरीला टांगून हलके ठोकावे. नाद खणखणीत नसून बद्द असेल, तर तडा असण्याचा संभव असतो. नेढ्याजवळ तडा गेलेले पाते कदापि वापरू नये.

२. गंज काढणे : पाते एक रात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे व तारेच्या ब्रशाने घासावे. राहिलेल्या गंजावर चिंचेचा दाट कोळ चोळावा. आंबट पदार्थ लोखंडही खातो, म्हणून काम होताच पाते धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावावे.

३. धार : विजेच्या चाकावर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धारेवर निळी झाक आली, की पोलादाचे पाणी उतरले. मग लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घेण्यावाचून गत्यंतर नाही. पोलाद झिजले असल्यास पाते शेवटून घ्यावे. अखेरची धार सहाणेवरच लावावी.

४. दांडा : बाभूळ किंवा धामणीचे चांगले वाळलेले, सरळ रेषांचे लाकूड निवडावे. दांडा नेढ्यात घट्ट बसवून वरून कोरड्या लाकडाची पाचर ठोकावी. ढिली कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. ती घातक होय. लाकूड फुगून नेढ्यात चेपले जाते व वाळल्यावर पूर्वीपेक्षाही ढिले होते. असे पाते काम करताना निसटून जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. दांड्यास जवसाचे तेल चोळावे. तेलाच्या चिंध्यांचा ढीग करू नये, कारण त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

काम करताना जखम झाल्यास ती स्वच्छ धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ सांगून थांबू नये. सुगीपूर्वी एखाद्या दिवशी शेतकऱ्यांना आपापली जुनी अवजारे चावडीवर आणण्यास सांगावे, गावच्या लोहारास व सुतारास बोलवावे आणि सर्वांसमक्ष एक कुऱ्हाड व एक विळा दुरुस्त करून दाखवावा. नवे अवजार घेण्यापूर्वी घरातील जुने एकदा पारखून पाहावे, ही सवय लागली म्हणजे खर्चही वाचेल व अपघातही टळतील.