रुईच्या पानावरील पाठ

इंदूरमधील खजराना गणेशमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. गणेशपूजेच्या २१ पत्रींपैकी एक असलेली रुई बालवर्गाची प्रयोगशाळाही होऊ शकते. तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी आढळते. पूर्ण वाढ होताच ती उलटी लटकते. कातडी फाटून आतील हिरवा वा गुलाबी कोश प्रकटतो. ‘अळी घर विणून त्यात झोपते,’ असे मुलांस सांगू नये. कोसला विणतो तो रेशमाचा किडा. येथे अळीचे शरीरच कोश बनते. आठवडा-दीड आठवड्याने तांबूस फुलपाखरू बाहेर येते. त्यास ओढून काढल्यास पंख अधू होण्याचा संभव असतो. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने पाने शिक्षकांनीच तोडावीत. अळी चिरडण्यास उचललेला बालहात या पाठाने थांबला, तर शिक्षण सार्थ झाले म्हणावे.