गाठ काढली, पण तपासली का?

गेल्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका गावाहून एक ताई माझ्या दवाखान्यात आल्या. वय अठ्ठेचाळीस. सोबत त्यांचे दीर होते. त्यांनी ताईंना बाहेर बाकावर बसवले, पिशवीतून फाईल काढून माझ्यासमोर ठेवली आणि हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट कॅन्सरचा आलाय. वहिनी किती दिवस काढतील? शेत गहाण टाकून उपचार करायची तयारी आहे. उपयोग होणार का, तेवढं सांगा."

फाईलमध्ये एका पानाचा रिपोर्ट होता. स्तनाचा कर्करोग, आणि खाली ओळ होती : ई.आर. निगेटिव्ह, पी.आर. निगेटिव्ह. हर-टू ही तपासणी केलेलीच नव्हती.

'किती दिवस?' हा प्रश्न मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकतो आहे. पूर्वी नातेवाइकांच्या आग्रहाला बळी पडून मी एकदा 'वर्षभर' असे सांगून बसलो होतो. त्या घराने तेवढ्यावरच उपचाराचा विचार सोडून दिला. तेव्हापासून तुकड्याचा पूर्ण रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. तो का, हे आज स्तनाच्या कर्करोगाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

दोन वेगळे प्रश्न

वाचकहो, कर्करोगाचे निदान झाले की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, हा आजार किती चिवट आहे, म्हणजे तो परत उलटण्याचा धोका किती? दुसरा, यावर कोणते औषध लागू पडेल? लोक हे दोन्ही प्रश्न एकच समजतात. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे वेगवेगळ्या तपासण्यांतून मिळतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : गाठीचा आकार, काखेतल्या किती गाठींत रोग गेला आहे, शरीरात इतरत्र पसरला आहे का, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती विचित्र दिसतात. पहिल्या तीन गोष्टींवरून 'स्टेज' ठरते, चौथीला 'ग्रेड' म्हणतात. स्टेज आणि ग्रेड एक नव्हेत. रिपोर्टवर 'ग्रेड तीन' वाचून 'तिसरी स्टेज' झाली म्हणून रडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या तुकड्यातच दडलेले असते. शेतकरी माती तपासून खत ठरवतो, तसेच हे आहे.

सव्वाशे वर्षांचे कोडे

१८९६ साली स्कॉटलंडमधील जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांची बीजांडे काढल्यावर काहींच्या गाठी विरघळल्याचे प्रसिद्ध केले. पण हा गुण सगळ्यांना का येत नाही, हे कोडे साठ-सत्तर वर्षे सुटले नाही. पुढे शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी दाखवले, की इस्ट्रोजेन हे संप्रेरक धरून ठेवणारे ग्राहक काही गाठींच्या पेशींत असतात, काहींत नसतात. ज्या गाठीत ते असतात ती गाठ संप्रेरकावर पोसते आणि ते तोडले की खचते. ई.आर. आणि पी.आर. या तपासण्या म्हणजे याच ग्राहकांचा शोध.

निम्म्याहून अधिक रुग्णांत हे ग्राहक सापडतात. त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेन ही रोज घ्यायची साधी, स्वस्त गोळी आहे. २०११ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ई.आर. पॉझिटिव्ह स्त्रियांनी ही गोळी पाच वर्षे घेतली, तर पंधरा वर्षांच्या काळात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे त्यात दिसले. ई.आर. निगेटिव्ह असेल तर हीच गोळी पाच वर्षे घेऊनही फायदा नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसारख्या दुसऱ्या गोळ्याही देता येतात.

तिसरी तपासणी हर-टू. शंभरांपैकी सुमारे पंधरा ते वीस रुग्णांत हे प्रथिन जास्त असते आणि गाठ जोराने वाढते. पूर्वी हे वाईट लक्षण होते. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. २०१४ पासून आपल्याकडे भारतीय कंपनीचे याच धर्तीचे औषध मिळू लागले. मात्र हृदयाची इको तपासणी करूनच ते देतात. रिपोर्टवर हर-टू 'दोन प्लस' आले, तर ते ना होकार ना नकार. तेव्हा 'फिश' नावाची पुढची तपासणी करावीच लागते.

ई.आर., पी.आर. आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील, तर संप्रेरकांच्या गोळ्यांचा उपयोग नसतो आणि भर मुख्यतः केमोथेरपीवर राहतो. हा आजार उलटला तर बहुधा पहिल्या काही वर्षांत उलटतो. ई.आर. पॉझिटिव्ह आजार मात्र पाच वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो. म्हणून बरे वाटते म्हणून गोळी मध्येच सोडू नये.

टक्क्यांचा अर्थ

'एक तृतीयांश फायदा' म्हणजे प्रत्येकीला सारखा फायदा नव्हे. समजा, एका गटातील शंभर स्त्रियांपैकी तीस दगावण्याचा धोका आहे. औषधाने तो वीसवर येईल, म्हणजे दहा जणी वाचतील. दुसऱ्या गटात धोकाच सहाचा असेल, तर तो चारवर येईल, म्हणजे दोघी वाचतील. औषध तेच, पण पदरात पडणारा लाभ वेगळा. म्हणून आजाराचा चिवटपणा आणि औषधाचा गुण एकत्र मांडूनच उपचार ठरवायचा असतो. स्वस्त गोळीसाठी दोघी वाचणे पुरेसे वाटेल. केस गळणे, उलट्या, जंतुसंसर्ग असा त्रास देणाऱ्या केमोथेरपीसाठी रुग्ण आणि डॉक्टर दोघांनी मिळून विचार करायला हवा.

अशा विचाराचा एक चांगला दाखला आहे. गाठीतील एकवीस जनुके तपासून आजार उलटण्याचा धोका सांगणारी एक चाचणी आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. ई.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत रोग नाही आणि चाचणीचे गुण मध्यम, अशा पन्नाशीपुढील स्त्रियांना गोळीच्या जोडीला केमोथेरपी देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. चाचणी महाग आहे आणि प्रत्येकीला तिची गरज नाही. पण 'जास्त औषध म्हणजे चांगला उपचार' ही समजूत त्यातून खोटी ठरते.

आणखी एक गोष्ट. हे सगळे आकडे शंभरांच्या गटाचे असतात. त्यातली आपण कितवी, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

तुकडा आणि सलाईनची बाटली

आता ताईंकडे वळू. मी त्यांना आत बोलावून विचारले, "ताई, गाठ काढल्यावर ती कशात ठेवली होती?" दीर म्हणाले, "सलाईनच्या बाटलीत घालून दिली होती. दुसऱ्या दिवशी एस.टी. चुकली, तिसऱ्या दिवशी लॅबला नेऊन दिली." 'साधी गाठ असेल' म्हणून एका ठिकाणी आधी तुकडा न तपासताच ती काढली होती.

इथेच घोळ होता. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, तेही तुकड्याच्या सुमारे दहापट, पडावा लागतो. सलाईनमध्ये तो कुजू लागतो. कर्करोग आहे एवढे कळते, पण ग्राहक नष्ट होतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसू शकते. मी दिरांना सांगितले, "दिवस मोजायचे आत्ता सोडा. हा रिपोर्टच मला भरवशाचा वाटत नाही."

ताईंना कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे दुसरी शस्त्रक्रिया झाली. स्तनात उरलेली गाठ आणि काखेतली एक गाठ नीट जतन करून तपासली. दोन्हींत ई.आर. ठळक पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह आले. केमोथेरपी आणि रेडिएशन पूर्ण झाले. आता ताई रोज टॅमॉक्सिफेन घेतात. पहिल्या रिपोर्टवर विसंबलो असतो, तर ही गोळी त्यांना कुणी दिलीच नसती. त्यांनी स्वतः विचारले तेव्हा मी सांगितले, "आजार काखेपर्यंत गेला होता, म्हणून काळजी आहे. पण तुमच्या गाठीला लागू पडणारे औषध आहे आणि ते तुमच्या हातात आहे."

वाचकांनी काय करावे?

१. स्तनात गाठ लागली तर आधी सुईने तुकडा काढून तपासावा, मग शस्त्रक्रिया. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. काही रुग्णांना आधी औषध देऊन गाठ लहान करता येते आणि औषध लागू पडते की नाही हेही कळते. घाईने गाठ काढली तर ही संधी जाते.

२. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्येच ठेवला आहे ना, हे स्पष्ट विचारावे. बाटलीवर नाव आणि काढल्याची वेळ लिहून घ्यावी. तो त्याच दिवशी लॅबला पोहोचवावा.

३. रिपोर्टमध्ये ई.आर., पी.आर. आणि हर-टू तिन्ही आहेत का ते पाहावे.

४. लॅबमध्ये तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन करतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मोठ्या रुग्णालयात जाताना ब्लॉक आणि स्लाईड्स मागून घ्याव्यात. शंका आली तर त्याच ब्लॉकवर पुन्हा तपासणी होते.

५. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करावी.

६. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर गोळी स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या घरात किंवा शेजारी स्तनाच्या कर्करोगाचा उपचार चालू असेल, तर आज त्यांची फाईल उघडून तिसरा मुद्दा तेवढा पाहा. तीनपैकी एखादी तपासणी राहिली असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न तोच असू द्या.