किशोरवयीन मुलांचे आहारविकार आणि घरातील संवाद

आपल्या घरांत अन्नाला फार मोल आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील आपल्या वडीलधाऱ्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. त्या पिढीसमोर एखादी मुलगी भरलेले ताट बाजूला सारते, तेव्हा त्यांना तो नखरा वाटतो. आम्हालाही तसेच वाटले होते. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत लेखनिकाची नोकरी करतो. परंतु जे अनुभवले आणि नंतर वाचून समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक व विद्यार्थी यांच्यासमोर ठेवीत आहोत.

आमच्या घरातील अनुभव

आमची भाची अकरावीसाठी शहरात आमच्याकडे राहावयास आली. वय वर्षे सोळा. गावाकडील एका लग्नात कोणीतरी थट्टेने म्हणाले, "शहराचं पाणी मानवलं हिला, चांगली गरगरीत झाली!" सगळे हसले, आम्हीही हसलो. त्यानंतर तिने भात सोडला, पुढे भाकरी अर्ध्यावर आणली. कॉलेजचा डबा तसाच परत येऊ लागला. विचारले की, "मामा, पोट जड झालंय," एवढेच उत्तर मिळे. आमच्या मातोश्री म्हणत, "आम्ही सुकडीवर दिवस काढले अन् हिला भरलं ताट नको झालंय!" मामी विनवण्या करी, आम्ही रागावत असू आणि तिचे आईवडील फोनवरून आम्हा दोघांना दोष देत. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिले. चार महिन्यांत तिची पाळी बंद झाली आणि एक दिवस ती जिन्यात चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठे आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि हा आजार आहे हे कळले. (हे सर्व तिच्या संमतीनेच लिहीत आहोत.)

हा आजार कोणता?

१८७३ साली पॅरिसचे डॉ. लासेग आणि लंडनचे डॉ. विल्यम गल या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. गल यांनी दिलेले 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही रूढ आहे. यात रुग्ण स्वतःला उपाशी ठेवतो. दुसरा प्रकार 'बुलिमिया'. यात एकाच वेळी खूप खाणे आणि मग उलटी करून किंवा अन्य मार्गाने ते बाहेर टाकणे, असे चक्र चालते. डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. मुलींत हे आजार अधिक आढळतात, पण मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ मध्ये काही तरुणींच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली. न जेवणे, उलट्या, वजन घटणे, पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु पाश्चात्त्य रुग्णांप्रमाणे "मी जाड दिसते" ही तक्रार ठळक नव्हती. साहजिकच घरचे लोक पोटाचे औषध शोधत राहतात आणि वेळ निघून जातो.

कुटुंब दोषी की कुटुंब आधार?

लासेग यांनी फार पूर्वीच नोंदविले होते की, अशा घराजवळ दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी, आणि दोन्ही निष्फळ ठरतात. आमच्या घरात नेमके हेच चालले होते. गल यांना तर नातेवाईक हे रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक वाटत.

पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. साल्वादोर मिनुचिन यांनी रुग्णाच्या कुटुंबासोबत प्रत्यक्ष जेवणाच्या वेळी बसून निरीक्षण केले. १९७८ च्या ग्रंथात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घरांची चार वैशिष्ट्ये मांडली : एकमेकांच्या आयुष्यात अति गुंतणे, अति काळजी, ताठर नियम आणि मतभेद न मिटवता दडपून ठेवणे. या मांडणीमुळे अनेक ठिकाणी आईवडिलांनाच, विशेषतः आईला, दोषी धरले गेले.

पण चित्र बदलले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील १९८७ च्या अभ्यासात असे दिसले की, लहान वयात सुरू झालेल्या आणि फार जुन्या न झालेल्या आजारात कुटुंबाला सोबत घेऊन केलेला उपचार अधिक लाभदायक ठरतो. या पद्धतीत आधी आईवडील जेवणाची जबाबदारी हाती घेतात, मग ती हळूहळू मुलाकडे परत देतात आणि शेवटी वयाच्या इतर प्रश्नांकडे वळतात. आहारविकारांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेनेही २०१० मध्ये स्पष्ट केले की, कुटुंबाला या आजाराचे एकमेव किंवा मुख्य कारण मानता येत नाही. घरातील ताण हा पुष्कळदा आजाराचा परिणामही असतो.

पालकांनी काय करावे?

१) मुलांच्या अंगलटीवर, रंगावर थट्टा करू नये. पाहुण्यांनी केली तर तेथेच थांबवावे.

२) दिवसातून निदान एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. ताटावर बसून गुणांची चौकशी व भांडणे नकोत.

३) मोठ्यांनी आपसात एकमत ठेवावे. एकाने रागावणे आणि दुसऱ्याने लपून सूट देणे, यामुळे आजारच बळावतो.

४) राग आजारावर असावा, मुलावर नव्हे.

५) वेगाने घटणारे वजन, बंद पडलेली पाळी, सतत थंडी वाजणे, चक्कर, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे ही धोक्याची चिन्हे होत. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे.

समारोप

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. त्याचा त्रास उलट, म्हणजे अतिआहाराचा होता. भगवान बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. मात्रा जाणून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाच्या सांगण्यावरून सुदस्सन नावाचा तरुण जेवणाच्या वेळी रोज ती म्हणत असे. राजाचा आहार हळूहळू ताळ्यावर आला. जवळच्या माणसाने रोज शांतपणे सोबत बसणे, हाच बोध आम्ही त्यातून घेतला.

भाचीला सावरावयास वर्षाहून अधिक काळ लागला. त्या काळात तिचे आईवडील दर रविवारी येऊन आमच्यासोबत जेवत. मातोश्रींनीही दुष्काळाचा विषय ताटावर काढणे बंद केले. आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या दिवसांत तिचे जेवण अजूनही कमी होते. तेव्हा आम्ही काही बोलत नाही, आपले ताट घेऊन तिच्याशेजारी बसतो.