बाल्सामिक शिरक्याचा पाक

आटविणें हा शब्द आपल्या घरांत कोणासहि समजावून सांगावा लागत नाहीं. दूध आटविलें कीं बासुंदी होते. गुऱ्हाळांतल्या कढईंत उंसाचा रस आटूं लागला कीं प्रथम काकवी व पुढें गूळ होतो. परंतु मुळांत आंबट असलेला पदार्थ आटवून त्याचा गोडसर, चकचकीत पाक करावयाचा, ही कल्पना आपणांस थोडी चमत्कारिक वाटेल. इटली देशांतील मोदेना शहराच्या नांवानें प्रसिद्ध असलेला जो बाल्सामिक शिरका, त्याचा असा पाक घरच्या शेगडीवर घटकाभरांत होतो. त्यास ग्लेझ म्हणतात. कृति सोपी आहे; परंतु मूळ शिरका कोणत्या प्रकारचा आहे हें न पाहतां ती केल्यास पदार्थ बिघडतो, किंवा पैसा तरी व्यर्थ जातो. म्हणून आधीं शिरक्याविषयीं.

मोदेना व त्याच्या शेजारचा रेज्जो एमिलिया या दोन प्रांतांत जुन्या पद्धतीचा जो शिरका होतो, तो केवळ द्राक्षरसाचा असतो. त्रेब्बियानो, लाम्ब्रुस्को इत्यादि जातींच्या द्राक्षांचा ताजा रस उघड्या भांड्यांत मंद आंचेवर आटवितात. पुढें यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव त्यांतील कांहीं साखरेचें मद्यार्क बनवितात, आणि दुसऱ्या जातीचे जंतु त्या मद्यार्काचें असेटिक आम्ल बनवितात. सर्व साखर मात्र खर्ची पडत नाहीं. गोडी शिल्लक राहते ती यामुळेंच. नंतर हा रस क्रमानें लहान होत गेलेल्या लांकडी पिंपांच्या ओळींत जातो. हीं पिंपें ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा निरनिराळ्या लांकडांचीं असून तीं घराच्या माळ्यावर ठेवितात. उन्हाळ्याच्या तापानें पाण्याचा अंश लांकडांतून उडून जातो, हिंवाळ्यांत रस स्वस्थ राहतो. दरवर्षीं सर्वांत लहान पिंपांतून थोडा शिरका काढावयाचा, त्याची तूट शेजारच्या मोठ्या पिंपांतून भरावयाची, आणि सर्वांत मोठ्या पिंपांत नवा आटविलेला रस घालावयाचा. ही रहाटी कमींत कमी 12 वर्षें चालली म्हणजे तो शिरका विकण्यास योग्य होतो. 25 वर्षांच्या शिरक्यास ‘एक्स्ट्रावेक्कियो’, म्हणजे अति जुना, असें म्हणतात. मोदेनाचा हा पारंपरिक शिरका केवळ 100 मिलिलिटरच्या ठराविक आकाराच्या बाटलींतच भरतात. युरोपीय संघानें इ. स. 2000 मध्यें त्याच्या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें.

हा शिरका घेऊन पाक करावा काय? मुळींच करूं नये. तो स्वतःच दाट असतो, आणि त्याचें सर्व मोल त्याच्या सुगंधांत आहे. तो शेगडीवर चढविणें म्हणजे दाट व्हावें म्हणून अत्तर उकळीत बसणें होय.

पाकासाठीं दुसरा, साधा प्रकार आहे. त्यास नुसतें ‘मोदेनाचा बाल्सामिक शिरका’ म्हणतात, आणि त्याचें नांव इ. स. 2009 मध्यें निराळ्या वर्गांत नोंदलें गेलें. हा द्राक्षरस व द्राक्षमद्याचा शिरका यांच्या मिश्रणाचा असतो. तो निदान 60 दिवस लांकडी भांड्यांत ठेवावा आणि त्यांत निदान शेंकडा 6 आम्ल असावें, असा नियम आहे. हा पातळ असतो, स्वस्त असतो, आणि आटविल्यानें त्याचें नुकसान न होतां उलट हितच होतें.

आतां भांड्याचा प्रश्न. हा किरकोळ वाटेल, पण माझ्या मतें सर्व कृतींत महत्त्वाचा तोच आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक किंवा आमटी ठेविली असतां ती कळकते, हें आपल्या घरांतील वडील माणसें जाणतात. आम्ल धातूवर चढतें, आणि त्याचे विषारी क्षार अन्नांत उतरतात. प्राचीन रोमन लोकहि द्राक्षरस आटवून ‘सापा’ व ‘देफ्रुतुम’ नांवाचे पाक करीत. इ. स. च्या पहिल्या शतकांत शेतीवर ग्रंथ लिहिणारा कोलुमेल्ला हा, ब्राँझच्या भांड्यास कळंक चढतो, म्हणून शिशाचें भांडें बरें, असें सांगतो. बिचाऱ्यानें आगींतून काढून फुफाट्यांत टाकलें! शिसें व असेटिक आम्ल यांच्या संयोगानें होणारा क्षार चवीस गोड लागतो, म्हणून त्यास पुढें ‘शिशाची साखर’ असें नांव पडलें. परंतु ती गोडी विषाची आहे. सावधगिरीचा हेतु धरूनहि ज्ञानाच्या अभावीं मनुष्य कोठें जाऊन पोंचतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे. आपण पाकासाठीं स्टेनलेस स्टीलचें, किंवा टवका न उडालेल्या एनॅमलचें पसरट भांडें घ्यावें. तांबें, पितळ व ॲल्युमिनियम वर्ज्य समजावें.

अशा भांड्यांत 250 मिलिलिटर शिरका ओतावा. शिरका फारच पातळ व आंबट असेल, तर त्यांत प्रारंभींच एक-दोन चमचे मध किंवा साखर घालावी. चांगला असल्यास कांहींच घालूं नये. स्वयंपाकघराची खिडकी आधींच उघडून ठेवावी व भांड्यावर तोंड धरूं नये, कारण वाफ डोळ्यांस फार झोंबते. एक उकळी आली कीं आंच कमी करावी, आणि बारीक बुडबुडे येत राहतील इतक्याच उष्णतेवर 15 ते 20 मिनिटें अधूनमधून ढवळीत रहावें. 250 चे सुमारें 80 ते 90 मिलिलिटर उरले म्हणजे काम होत आलें असें समजावें.

या अवधींत काय घडतें तें पहा. शुद्ध पाणी 100 अंशांवर उकळतें, तर शुद्ध असेटिक आम्ल 118 अंशांवर. म्हणून दोन्ही एकत्र उकळतांना पाणी अधिक वेगानें उडतें. परंतु आम्लहि थोडें थोडें जातच असतें, आणि डोळ्यांस झोंबतें तें हेंच. साखर मात्र मुळींच उडत नाहीं. रस एकतृतीयांश उरला कीं साखरेचें प्रमाण तिप्पट होतें, आम्लाचें तितकें वाढत नाहीं. तेव्हां पाक गोड लागतो तो आंबटपणा नाहींसा झाला म्हणून नव्हे, तर गोडीनें त्यास मागें टाकलें म्हणून.

पाक झाला कीं नाहीं, हें भांड्यांत पाहून कधींहि ठरवूं नये. ऊन पाक पातळ दिसतो व निवाला कीं घट्ट होतो. मी प्रथम हा प्रयोग केला तेव्हां “अजून पातळच आहे” असें म्हणत आंचेवर ठेवीत गेलों, आणि निवाल्यावर भांड्याच्या तळाशीं काळ्या गोळीसारखा जो थर बसला, तो खरवडण्यांत माझी सबंध संध्याकाळ गेली. तेव्हांपासून थंड बशीवर एक थेंब टाकून, क्षणभर थांबून, त्यांतून चमच्याची कड ओढून पाहतों. रेघ लगेच भरून न येतां हळूहळू मिटली कीं भांडें खालीं उतरवितों. कधीं पाक अधिक घट्ट झालाच, पण जळला नसेल, तर चमचाभर शिरका किंवा पाणी घालून किंचित ऊन केल्यास तो पुन्हां सैल होतो. करपल्याचा कडूपणा मात्र कशानेंहि जात नाहीं.

निवालेला पाक स्वच्छ काचेच्या बाटलींत भरून थंड जागीं ठेवावा. टोमॅटोच्या चकत्या, भाजलेला कांदा, जुनें चीज यांवर तो चांगला लागतो. आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर चार थेंब घालून पाहिल्यास मुलांस तो विशेष आवडेल. बाजारांत ग्लेझच्या तयार बाटल्याहि मिळतात. त्यांतील पुष्कळांत दाटपणा आटविण्यानें आलेला नसून पिष्ट किंवा डिंक घालून आणलेला असतो. हा कांहीं गुन्हा नव्हे, कारण बाटलीवर घटक छापलेले असतात. परंतु ते वाचण्याची तसदी घ्यावी लागते. शिरक्याच्या आधीं ग्लुकोजच्या पाकाचें नांव असेल, तर आपण पैसे कशाचे देत आहों हें उघड होतें.

आपला घरचा पाक आणि 12 वर्षांचा पारंपरिक शिरका हे दोन्ही बशींत शेजारीं शेजारीं ठेविले, तर रंगावरून व दाटपणावरून एखादा सहज फसेल. जिभेवर ठेवितांच मात्र भेद कळतो. पाकाची प्रथम गोडी लागते, मागून आंबट चव येते, आणि तेथेंच तो संपतो. दुसऱ्याची चव संपल्यावरहि चेरीच्या व जुनिपरच्या लांकडाचा वास कांहीं वेळ तोंडांत रेंगाळत राहतो.