दाराशी बसलेल्या माणसाचा हिशेब

दुकानातील पैपैचा हिशेब ठेवणारा आमचा व्यापारी बंधू राहत्या इमारतीच्या रखवालदाराचा विचार बहुधा वार्षिक सभेतच करतो, आणि तोही मासिक वर्गणी वाढविण्याचा प्रश्न निघाला म्हणजे. “हा मनुष्य करतो काय? खुर्चीवर तर बसलेला असतो,” असा एक पक्ष, “चोरी झाली म्हणजे कळेल,” असा दुसरा. हे दोन्ही पक्ष हिशेब अर्धाच मांडतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम करू नये हा सर्वमान्य दंडक धरला, तर एका दारावर अहोरात्र मनुष्य ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा व आजारपण जमेस धरता चार. उदाहरणासाठी एजन्सीचा आकार माणशी दरमहा १५,००० रुपये धरू. चौघांचे ६०,००० आणि त्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर १०,८००. एकूण ७०,८०० रुपये. इमारतीत ६० सदनिका असतील तर प्रत्येकीस १,१८० रुपये पडतात. १२ असतील तर ५,९००! म्हणजे “रखवालदार परवडतो का?” या प्रश्नाचे निम्मे उत्तर सदनिकांच्या संख्येतच आहे.

हा आकडा पाहून पुष्कळ इमारती एक पळवाट काढतात. चारांऐवजी दोनच माणसे ठेवावयाची आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या लावावयाच्या. सुट्टी नसेल तर प्रत्येकाचे आठवड्यास ८४ तास भरतात. असा मनुष्य पहाटे तीन वाजता डुलक्या घेऊ लागला तर त्यात नवल ते काय? जो माल मिळतच नाही त्याचे पैसे आपण दरमहा भरीत असतो. दुकानात असला व्यवहार आपण एक महिनाही चालू देणार नाही.

आता जमेची बाजू. येथे आमच्या व्यापारी सवयीनेच आमची फसगत होते. गोदामावर रात्री रखवाली हवी, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. तोच न्याय आपण घरास लावतो आणि रात्रीचा गुरखा नेमून मोकळे होतो. परंतु गोदामात माल असतो, घरात माणसे असतात. रात्री घरातील पुरुष घरी असतात, दारे आतून लावलेली असतात. दिवसा मात्र दुकानदार पेढीवर, मुले शाळेत, आणि घरी वृद्ध आईवडील किंवा एकटी गृहिणी. मीटर तपासणारा, सिलिंडरवाला, पार्सलवाला आणि त्यांच्या नावाखाली येणारा भामटा, हे सारे दिवसाच येतात. लिफ्ट अडकते ती दिवसा, आजोबा जिन्यात घसरतात तेही बहुधा दिवसाच. म्हणून एकच पाळी परवडत असेल तर ती दिवसाची ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. बारा सदनिकांच्या इमारतीत सकाळी अकरा ते सायंकाळी सात, रविवारी सुट्टी, असा एक मनुष्य वरील दराने कर धरून सदनिकेस १,४७५ रुपयांत पडतो. रात्री फाटकास उत्तम कुलूप व प्रत्येक घरी त्याची किल्ली पुरे.

कॅमेऱ्याने हे काम भागेल असे काही सभासद म्हणतात. कॅमेरा जरूर बसवावा. परंतु तो झालेली गोष्ट मागाहून दाखवितो, “आपणांस कोणाकडे जावयाचे आहे?” असे तो स्वतः होऊन विचारीत नाही. विचारण्यासाठी ओळख लागते आणि ओळखीस काळ लागतो. अहमदाबादच्या जुन्या पोळींचा दरवाजा रात्री बंद होत असे, त्यावर रखवालदार असे, आणि तो पोळीतील घर न् घर ओळखीत असे. महिना पाचशे रुपये वाचविण्यासाठी वर्षातून तीनदा एजन्सी बदलणाऱ्या इमारतीस ही ओळख लाभणे शक्य नाही.

“नुसता बसलेला असतो” या आक्षेपाविषयी थोडे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क शहरातील दरवानांवर पीटर बेअरमन या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दरवान बराच काळ रिकामा असतो. पण रहिवाशांची कामे एकाच वेळी येऊन कोसळतात, म्हणून नेमका आपल्याला हवा तेव्हा तो गुंतलेला दिसतो, असे त्याचे एक निरीक्षण आहे. रिकामे बसणे हाच या कामाचा मोठा भाग होय. त्याच शहरात १९९१ साली दरवानांनी बारा दिवस संप केला, तेव्हा रहिवाशांना स्वतः पाळ्या लावून दारावर बसावे लागले.

आमच्याकडे मात्र बसलेला मनुष्य दिसला की त्यास भाजी आणावयास धाडले जाते, नाही तर मोटार पुसावयास लावले जाते. तेवढा वेळ दार उघडे राहते आणि त्याची किंमत सर्व सभासद भरतात. हे सभेत ठरावाने बंद करावे. त्याचबरोबर त्यास सावली, पंखा, पिण्याचे पाणी व शौचालय यांची सोय करून द्यावी. ही सोय नसलेल्या दारावर चांगला मनुष्य टिकत नाही.

एजन्सी नेमताना २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याखालील परवाना पाहावयास मागावा. या कायद्यान्वये रखवालदाराचे वय १८ ते ६५ असावे लागते, त्याच्या पूर्वचारित्र्याची तपासणी व प्रशिक्षणही झालेले असावे लागते. बिलातील रकमेपैकी प्रत्यक्ष वेतन किती, भविष्यनिर्वाह निधीत किती आणि एजन्सीचा नफा किती, हे फोडून मागण्यास संकोच करू नये. बिल पंधरा हजारांचे आणि माणसाच्या हाती नऊच हजार, असे आढळल्यास उरलेल्या सहा हजारांचा जाब विचारावा.

राहता राहिला खर्चवाटणीचा वाद. मोठ्या सदनिकेने अधिक द्यावे असे लहान सदनिकावाले म्हणतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत रखवालदाराचा खर्च सेवाशुल्कात धरला असून तो प्रत्येक सदनिकेस समान आकारावयाचा असतो. कर्नाटक, गुजरात, मध्यप्रदेश किंवा तेलंगणात राहणाऱ्या सभासदांनी आपापल्या संस्थेचे उपविधी सभेपूर्वीच काढून वाचावेत.