धूळ गाळणीपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं

आमच्या सुतारशाळेंत विजेची गोल करवत व घासण्याचें यंत्र आल्यापासून कामाचा वेग वाढला खरा. पण त्याबरोबर एक नवी पीडाही आली. हातकरवतीचा भुसा पायांशीं पडतो व केरसुणीनें गोळा करितां येतो. यंत्राचा भुसा हवेंत उडतो, आणि त्यांतील अगदीं बारीक भाग कित्येक तास खालीं बसत नाहीं. तास संपल्यावर मुलांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या पाहून पूर्वीं आम्हांस हसूं येई. आतां येत नाहीं. लाकडाची धूळ माणसांत कर्करोग, विशेषतः नाकाच्या पोकळ्यांचा, उत्पन्न करिते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केला आहे.

सुतारशाळेंत वापरण्याच्या लहान धूळशोषक यंत्राची रचना साधी असते. पंखा हवा ओढतो, नळी धूळ आणते, गाळणी ती अडविते. गाळणीवर थर बसला म्हणजे हवेची वाट बंद होऊं लागते. यंत्राची घरघर मात्र चालूच राहते, त्यामुळें कारागिरास वाटतें कीं काम नीट चाललें आहे. प्रत्यक्षांत करवतीपाशीं सुटलेली धूळ नळींत न शिरतां खोलींत पसरत असते. युरोपांतील ‘एम’ वर्गाच्या यंत्रांवर, नळींतील हवेचा वेग सेकंदास २० मीटरांखालीं गेला कीं इशारा मिळालाच पाहिजे असा दंडक आहे, तो याचसाठीं.

यावर उपाय म्हणजे गाळणीच्या आधीं धूळ उतरून घेणारें पात्र मध्यें बसविणें. यास आपण पूर्वविभाजक म्हणूं. त्याचा एक प्रचलित प्रकार ‘सायक्लोन’, म्हणजे वर रुंद व खालीं निमुळतें असें नरसाळें. धुळीची हवा त्याच्या कडेनें, भिंतीस घासून, आंत शिरते व गरगर फिरूं लागते. जड कण भिंतीकडे फेंकले जातात, तेथें त्यांचा वेग मोडतो, आणि ते घसरत खालच्या बालदींत पडतात. हवा मधल्या नळीनें वर निघून यंत्राकडे जाते. वरच्या वर्गांतील मुलांनीं हिशेब करून पाहावा: वेग सेकंदास २० मीटर व त्रिज्या १० सेंटिमीटर धरिली, तर वेगाच्या वर्गास त्रिज्येनें भागून ४,००० येतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें ४०० पट! हें नरसाळें नवें नव्हे. लाकडाच्या मोठ्या गिरण्यांवर तें पूर्वीपासून असे. तेंच घरगुती झाडूयंत्रांत बसविण्यासाठीं इंग्लंडांतील जेम्स डायसन यांनीं ५,१२७ नमुने करून पाहिले.

एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “सर, पेल्यांत चहा ढवळला तर पत्ती मध्यें गोळा होते, मग धूळ कडेला कां जाते?” शंका उत्तम होती. चहाची पत्ती तळाशीं बसलेली असते. तळाच्या घर्षणानें तेथील पाणी सावकाश फिरतें, आणि कडेकडून मध्याकडे एक प्रवाह सुरू होतो. तो पत्तीस ओढून नेतो. आइन्स्टाइन यांनीं १९२६ सालीं याचें विवेचन केलें आहे. नरसाळ्यांतील धूळ हवेंत अधांतरीं असते, म्हणून ती आधीं भिंत गांठते.

एवढें समजल्यावर आम्हांस उत्साह आला, व रंगाच्या रिकाम्या प्लास्टिक बालदीवर आम्हीं तयार नरसाळें बसविलें. दोन दिवस काम झकास चाललें. तिसऱ्या दिवशीं नळींत एक ढलपी अडकली, आणि मोठा आवाज होऊन बालदी आंत चेपली गेली. चूक आमचीच, जें भौतिकशास्त्र आम्ही फळ्यावर शिकवितों, त्याचाच विसर पडला होता. वाट बंद झाली म्हणजे असें यंत्र सुमारें २० किलोपास्कल इतका दाब कमी करूं शकतें. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचें क्षेत्रफळ सुमारें ०.०७ चौरस मीटर. म्हणजे एकट्या झाकणावर १,४०० न्यूटन भार, जणूं दोन प्रौढ माणसें त्यावर उभीं आहेत. आतां आम्ही एका बालदींत दुसरी घालून वापरतों.

ने-आण करण्याचा प्रश्न निराळा. सर्व भाग एकाच पेटींत कायमचे जोडले तर यंत्र जिन्यावरून नेववत नाहीं, आणि एक भाग मोडला कीं सारें दुरुस्तीस जातें. म्हणून मोटर व गाळणी एकीकडे, नरसाळें व बालदी दुसरीकडे, नळ्या तिसरीकडे, असे सुटे भाग बरे. जर्मनींत १९९३ सालीं ‘सिस्टेनर’ नांवाच्या, एकमेकींवर अडकणाऱ्या पेट्या निघाल्या; आज त्याच मापानें पूर्वविभाजकही यंत्राच्या माथ्यावर अडकवितां येतो. कल्पना नामी, पण किंमत शाळेच्या आटोक्याबाहेरची. शिवाय मनोरा उंच झाला कीं नळीच्या एका हिसक्यानें कलंडतो. आम्हीं बालदी चाकांच्या फळीवर वेगळी ठेविली व सर्व नळ्यांच्या तोंडांचें माप एक केलें.

सुट्या भागांत सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा गळतीची जागा. त्यांत बालदीच्या झाकणाची गळती सर्वांत वाईट. तेथून शिरलेली हवा वर उसळून पडूं पाहणारी धूळ परत नेते. झाकणाखालीं रबराची पट्टी बसवितांच आमच्या गाळणीवरील भुसा जवळजवळ नाहींसा झाला.

ज्या पालकांचा सुतारीचा धंदा आहे, त्यांस एक सांगणें आहे. गाळणी स्वच्छ दिसली म्हणजे सारी धूळ सांपडली असें समजूं नये. नरसाळें ढलप्या व जाड भुसा उत्तम पकडतें. कांहीं मायक्रॉनांहून लहान कण मात्र निसटतात, आणि फुप्फुसांत खोल जाणारे तेच. (माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो.) त्यांस चांगली गाळणीच हवी. ‘एल’ वर्गाचें यंत्र शेंकडा ९९ भाग धूळ अडवितें, ‘एम’ ९९.९ व ‘एच’ ९९.९९५. आमच्या मतें पहिला पैसा गाळणीवर खर्चावा, नरसाळ्यावर नंतर. आणि बालदी ओततांना नाकातोंडावर धुळीचा मास्क असावा.

बालदी कांठोकांठ भरूं देऊं नये. भुसा वर आला कीं चहाच्या पत्तीसारखाच तो मध्याकडे ओढला जातो, व वर जाणारा झोत त्यास उचलून थेट गाळणीवर नेतो. आमच्या बालदीवर दोनतृतीयांश उंचीस तांबडी रेघ मारिली आहे. ती पाहण्याची पाळी या वर्षीं नववीच्या मुलांकडे आहे.